सत्तावीस विहिरी

हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. इतका पक्का गाढवपणा माणसाच्या हातून रोज रोज होत नाही!

कॉलेज नुकतंच संपलं होतं. कासा गावाच्या पुढे एका आदिवासी पाड्यावर मी मुलांचा वाचनवर्ग घेत होतो. महिन्याभरात सगळ्यांना वाचायला लावतो की नाही बघा, अशी माझी ऐट!

त्यासाठी मोबाइलवर वर्कशीट शोधायला बसलो. मिळालं काय? स्ट्रॉबेरी, बर्फाचा माणूस, विमानतळ! शेवटी एक झकास सापडलं. घर, विहीर, गाय, बकरी, सायकल, पंखा. वर चित्र, खाली शब्द, शेजारी चौकट. जो शब्द वाचता येईल, त्याच्या चौकटीत खूण करायची, असं माझ्या मनात; कागदावर तशी सूचना नव्हतीच. कासाला जाऊन सत्तावीस प्रती काढल्या आणि मुलांबरोबर घरी धाडल्या.

तीन दिवस एकही कागद परत आला नाही. चौथ्या दिवशी बघतो तर काय, वर्गाच्या दारात रांग! मुलांची नव्हे, आयांची आणि आज्यांची. प्रत्येकीच्या हातात वर्कशीट, वर तिची झेरॉक्स! सर्वांत पुढे लखमीआजी, माझ्या वर्गातल्या मनीषाची आजी.

"मास्तर, झेरॉक्सवर सही दे."

"सही कशाला, आजी?"

"कशाला म्हणजे? कागद दिला, त्याची पोच नको?"

मी गहिवरलो हो! पोरांच्या अभ्यासाची एवढी आस्था? काहींनी तर आधार कार्डही टाचलेलं. केवढी ही जबाबदारीची जाणीव! धडाधड सह्या केल्या, वर वर्गाचा शिक्काही हाणला.

सगळ्या गेल्यावर कागद पाहिले आणि डोकं गरगरलं. सत्तावीसच्या सत्तावीस पोरांना एकच शब्द वाचता येत होता. विहीर! 'घर' येत नाही, 'गाय' येत नाही, आणि 'विहीर' येते? मी शिकवलं तरी काय होतं?

मनीषाला बोलावलं. तिने सहाही शब्द घडाघडा वाचले.

"अगं, मग गाईवर खूण का नाही केलीस?"

"गाय आहे आमच्याकडं."

"आं? आणि घर?"

"ते मागच्या वर्षी मंजूर झालं, सर."

मंजूर? आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! तडक आजीचं अंगण गाठलं.

"आजी, तो सरकारी योजनेचा फॉर्म नाही! पोरांचा अभ्यास आहे तो!"

"चौकट आहे, खूण करायची आहे, मग फॉर्म नाही तर काय? आम्ही बैठक घेतली. दहा जणांनी दहा वस्तू मागितल्या की काहीच मिळत नाही. म्हणून सगळ्यांनी विहीर. उन्हाळाभर डोंगराखालून पाणी आणतो आम्ही."

"पण आजी..."

"पण काय? तुझी सही आहे, शिक्का आहे!"

"मी कागद वाचलाच नव्हता गं!"

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "वाचला नव्हता? मी अंगठेवाली. मनीषाकडून तीनदा वाचून घेतला, मग खूण करू दिली."

मी लगेच म्हणालो, "ग्रामपंचायतीला विहिरीसाठी खराखुरा अर्ज लिहून देतो." तिथेच बसून लिहिला. पाड्यातल्या बाया भोवती जमल्या. अर्ज लिहिणारा म्हणून खाली सही करायला पेन टेकवलं, तोच आजीने कागद ओढून घेतला.

"थांब! आधी मनीषा वाचेल. तुझा काही भरवसा नाही."