मिकोलाकाकांचा रंगांचा डबा

लेस्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होतो. "बाबा मंगळवारी गेले," ती म्हणाली, आणि मी आधी काय केलं असेल तर गाडीची काच वर केली. गेल्या दीड वर्षात मी मिकोलाकाकांना एकदाही फोन केला नव्हता. ते लेकीकडे ओहायोला होते, आणि ओहायो काही चंद्रावर नाही. कारण वेगळं होतं, आणि ते आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलो आहे...

नेपरव्हिलला ते आमच्या शेजारी राहायला आले दोन हजार दोनच्या हिवाळ्यात. पहिल्यांदा दिसले ते घरामागच्या मक्याच्या शेतात, गुडघाभर बर्फात उभे राहून चित्र काढताना. मूळचे युक्रेनचे, नीपर नदीकाठच्या एका खेड्यातले. उभं आयुष्य निसर्गचित्रं काढण्यात गेलेलं. सोव्हिएत काळात नुसतं शेत काढलं की त्यांचं चित्र सरकारी कचेरीतून परत यायचं, शेतात ट्रॅक्टर हवाच. मग हे ट्रॅक्टर काढायचे, पण पार क्षितिजावर, मुंगीएवढा. "साहेब चष्मा पुसून पुसून ट्रॅक्टर शोधायचा," असं सांगून स्वतःच खो खो हसायचे. बायको गेल्यावर मुलीच्या, म्हणजे लेस्याच्या, आग्रहाने अमेरिकेत आले, पण तिच्याकडे ओहायोला राहिले नाहीत. इलिनॉयचं सपाट रान आणि त्यावरचं अवाढव्य आकाश त्यांना गावाकडचं वाटायचं. रोज सकाळी डबा घेऊन ते शेतात हजर.

डबा लाकडी होता, आत बारा खाचा आणि बारा ट्यूबा. लेबलं रंगाने माखून कधीच गेली होती. काका डब्याकडे बघायचेच नाहीत, हात आपोआप जायचा आणि हवी ती ट्यूब उचलायचा. केवढा हा रियाज, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. माझ्यासारखा मूर्ख मीच. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांना रंग ओळखू येईनासे झाले होते. उजेड-सावली कळायची, आकार कळायचे, पण निळा कुठला आणि लाल कुठला हे फक्त त्यांच्या हाताला ठाऊक होतं. ही गोष्ट त्यांनी साऱ्यांपासून लपवली होती, कारण लेस्याने बजावलं होतं, नजर गेली की इथलं घर बंद.

दोन हजार सहाची खंडेनवमी. माझी बायको मेधा पूजेची मांडामांड करत होती. लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी असं सगळं पाटावर ठेवलेलं. "अरे, काकांचा डबा पण आण ना! तेवढंच त्यांना पण बरं वाटेल." काकांना मी ही पूजा समजावून सांगितली. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नमस्कार, हे त्यांना इतकं पटलं की डबा त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिला. पूजेची वस्तू स्वच्छ हवी म्हणून मी प्रत्येक ट्यूब टर्पेंटाइनने पुसली आणि फिकटापासून गडदपर्यंत नीट ओळीने लावली. वर हळदकुंकू वाहिलं. स्वतःवर फार खूश होतो मी.

त्यानंतरचा आठवडाभर पाऊस, काका घरातच, परत दिलेला डबा बंदच. आणि शनिवारी गावच्या लायब्ररीत लोकांसमोर चित्र काढून दाखवायचा त्यांचा कार्यक्रम. लेस्या मुद्दाम विमानाने आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. "आता दुपारचं स्वच्छ निळं आकाश," काका म्हणाले आणि त्यांचा हात डावीकडून चौथ्या खाचेकडे गेला. तिथे आता शेंदरी होता. मी लावलेला. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. उठावं, ओरडावं, डबाच पाडावा... काही केलं नाही. काकांनी शेंदरी आकाश रंगवलं, मन लावून, ढगांना जागा सोडत. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. लेस्या उठून जवळ गेली.

"डॅड, व्हॉट कलर इज धिस?"

काकांनी ट्यूब नाकाशी नेली, वास घेतला, आणि हळूच खाली ठेवली. महिन्याभरात घर रिकामं झालं. निघताना त्यांनी माझा हात धरला होता, मी मान वर केली नाही. चूक माझी, हे मी सांगितलंच नाही. एका चित्रकाराची चित्रकला आपण संपवली, असं मनाशी धरून दीड वर्षं गप्प बसलो.

पार्किंग लॉटमध्ये मात्र तोंडून निघून गेलं. "लेस्या, त्या ट्यूबा मी हलवल्या होत्या."

"आय नो," ती म्हणाली. "बाबांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. इथे आल्यावर मी त्यांचा डबा जुन्या पद्धतीने लावायला निघाले, तर म्हणाले, राहू दे, शेजाऱ्याने लावलाय तसाच ठेव. पाठ करायला दोन महिने लागले त्यांना. मग रोज काढायचे. चौतीस चित्रं आहेत. तुझा फोन येईल म्हणून बाहेर फारसे जायचे नाहीत, खिडकीतूनच काढायचे."