मॅनेजरशिवाय चाललेला कारखाना

साबणाच्या त्या कारखान्यात ताईंना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. बॉयलरवाल्यापासून वॉचमनपर्यंत साऱ्यांच्या त्या ताई. पद डेप्युटी मॅनेजरचं. काम मात्र मॅनेजरचं, फोरमनचं आणि वेळ पडली तर भांडणं मिटवणाऱ्या पंचाचंही. साबणाचा घाणा बिघडला की लोक आधी ताईंना हाक मारत, मग देवाला.

मॅनेजरसाहेब निवृत्त झाले तेव्हा मालक म्हणाले, "नवा माणूस मिळेपर्यंत जरा सांभाळून घ्या." ताईंनी सांभाळलं. बघता बघता वर्ष होत आलं. पण साहेबांच्या केबिनमध्ये त्या एकदाही बसल्या नाहीत. कुणी दिली नसताना खुर्चीत बसणं म्हणजे आगाऊपणा, असं त्यांचं मत. पॅकिंगच्या कोपऱ्यातल्या आपल्या टेबलावरूनच त्या सगळं हलवत. जागा आपल्याला हवीय, हेही कधी बोलल्या नाहीत. कामच बोलेल, म्हणायच्या. आता कामाला तोंड असतं तर जगातल्या निम्म्या बायका केव्हाच साहेब झाल्या असत्या! रिकाम्या केबिनमध्ये लोक हळूहळू जेवणाचे डबे ठेवू लागले.

मग एक दिवस मालक आले. केबिनमध्ये डोकावले, तर खुर्चीवर डब्यांची चळत. बाहेर येऊन त्यांनी ताईंच्या देखत फोरमनच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास! वर्षभर मॅनेजर नाही, तरी कारखाना आपोआप चाललाय. सोमवारी मुलाखती आहेत. ताई, नव्या माणसाला तेवढं सगळं शिकवा हं. तुमच्याशिवाय आहे कोण?"

फोरमन बिचारा चपापून ताईंकडे बघायला लागला. ताई नेहमीसारख्या हसल्या आणि आपल्या टेबलाकडे वळल्या.

संध्याकाळी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि चक्क रडल्या.

"जागा मागितलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"मागायची कशाला? त्यांना दिसत नाही का?"

"अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आणि तू रडतेस ती माझ्यापुढे! मी काय तुला कारखाना देणार?"

ताईंना रडता रडता हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केबिनमधले डबे उचलले, खुर्ची पुसली आणि बसल्या. पाय जमिनीला टेकेनात. साहेब उंच होते. फिटरला बोलावून खुर्ची खाली करून घेतली.

फोरमन दारात आला. "ताई, डबे कुठं ठेवायचे आता?"

"माझ्या जुन्या टेबलावर."

मग त्यांनी मालकांना फोन लावला. "मॅनेजरची जागा मला हवीय. सोमवारी दुसऱ्या कुणाला ठरवू नका."

मालक गडबडले. "अहो ताई, तुम्ही तर कारखान्याचा कणा! तुम्हीच वर गेलात, तर खालचं कोण बघणार?"

आहे ती नोकरीही हातची जायची, हे ताईंना कळत होतं. तरी आवाज हलला नाही.

"त्याची कसली काळजी? कारखाना आपोआप चालतो. कालच म्हणालात ना तुम्ही!"



"मुलाखती रद्द करतो," मालक अखेर म्हणाले.

ताईंनी फोन ठेवला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.