पंखा बंद करणारी बाई

आत्या कामावरून आली की लगेच आत येत नाही. दारातच उभी राहून आधी घर ऐकते. मग एकेकाला सांगते, "वहिनी, फ्रिजचं दार नीट लागलेलं नाही. दादा, तुझ्या रेडिओत दोन स्टेशनं एकमेकांत घुसलीत. आणि नळ." कुठला नळ ते सांगत नाही. बाबा उठून तिन्ही नळ पिळून येतात आणि म्हणतात, "कानसेन आल्या. आता श्वाससुद्धा जपून घ्या रे."

आत्या जुन्या सिनेमांचा आवाज धुते. हे तिचंच वाक्य. पूर्वी थेटरात पडद्यामागून एकाच जागेवरून सगळा आवाज यायचा: संवाद, गाणी, पाऊस, घोडे, सगळं एका पट्टीवर कोंबलेलं. आता लोकांनी घरात टीव्हीभोवती पाच-पाच स्पीकर मांडलेत. त्यामुळे डिस्क काढणारी कंपनी जुना सिनेमा आत्याच्या टेबलावर आणून टाकते. आत्या आधी त्यातली खरखर आणि फटफट काढते, मग उरलेला आवाज पाच जागी वाटते. घोडे डावीकडून उजवीकडे पळवते. दिवसभर मान मोडून बसलं तर सिनेमाची सहा-सात मिनिटं होतात. तिच्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना गाद्या ठोकल्यात. "सूर्य मी फक्त रविवारी बघते," असं ती म्हणते. "बरा आहे."

गेले तीन महिने तिच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती, न थांबता. कानाच्या डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस कानांना सक्तीची विश्रांती द्या, नाहीतर ही शिट्टी कायमची मुक्कामाला राहील. चौदा महिन्यांत आत्यानं एकही सुट्टी घेतली नव्हती. ती साहेबांकडे गेली.

साहेब प्रत्येक वाक्याला "बरोबर ना?" जोडतात. माणूस शिंकला तरी विचारतील. "एवढा एक सिनेमा संपवा आणि खुशाल जा, बरोबर ना?"

तो सिनेमा म्हणजे एक घर, एक नवरा, एक बायको. घोडे नाहीत, मारामारी नाही. सतराव्या दिवशी, शनिवारी, आत्यानं काम हातावेगळं केलं. साहेब खूश झाले. "आवाज आरशासारखा झालाय, बरोबर ना?" डिस्क शुक्रवारी छापायला जाणार होती. रविवारपासून आत्याची सुट्टी सुरू झाली. ती कानांत कापसाचे बोळे घालून सोफ्यावर आडवी झाली आणि सगळ्यांना तिनं बोटानंच दटावलं.

दुपारी आईनं कुकर लावला.

"किती झाल्या?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"दोन," बाबा म्हणाले.

"तीन," मी म्हणाले.

"एकाच घरात दोन हिशेब! त्या मेल्या पंख्यापुढे काही ऐकू येईल तर शपथ." आई बाहेर आली आणि तिनं बटण दाबलं. आमचा पंखा सेवानिवृत्त माणसासारखा आहे, थांबतानाही कुरकुरतो. फडफड, फड... फड. आणि खोली एकदम गप्प झाली.

आत्या ताडकन उठून बसली. "वहिनी, पंखा का बंद केलात?"

"शिट्ट्या ऐकायला. का गं, उकडतंय?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी माणूस मारला," ती म्हणाली.

बाबांनी पेपर खाली केला. "कोण? आपल्या ओळखीतला?"

मग तिनं सांगितलं. सिनेमात नवरा आजारी असतो. बायको उशाशी बसलेली असते, डोक्यावर पंखा घरघरत असतो. एकाएकी तिला वाटतं, हा श्वास घेतोय की नाही? ती उठते, पंखा बंद करते आणि कान देऊन उभी राहते. पाती थांबतात. सगळं शांत होतं. आणि एक श्वास येतो, अगदी पुसट. ती मटकन खाली बसते. सबंध सिनेमात त्या दोघांचं प्रेम एवढ्याच जागी दिसतं, एरवी ती नुसती भांडतात.

"आणि तू काय केलंस?"

"सफाईच्या यंत्राला आधी नुसत्या खरखरीचा तुकडा ऐकवावा लागतो. हे ओळख, आणि जिथे सापडेल तिथून उपटून टाक. त्या प्रसंगाच्या सुरुवातीला कोणी बोलत नाही, म्हणून मी तिथलाच तुकडा दिला. त्या तुकड्यात पंखा होता, दादा. यंत्रानं खरखर काढली, पंखा काढला आणि खरखरीखाली दबलेला श्वासही नेला. आता ती बाई उगाचच उठते, कसलंतरी बटण दाबते आणि बावळटासारखी उभी राहते."

"पण तुला पंखा दिसला नाही?"

"चित्रात नाहीच तो. नुसतं बटण दिसतं. आणि मी इतकी पेंगुळले होते की मला सगळीच घरघर सारखी वाटत होती."

तिनं साहेबांना फोन लावला. कान दुखत असल्यामुळे तिनं फोन वीतभर लांब धरला होता, त्यामुळे साहेब सगळ्या घराला ऐकू आले.

"अहो, पुढच्या प्रसंगात तो उठून सूप पितो! म्हणजे जिवंतच आहे, बरोबर ना?"

"साहेब, तिला ते आत्ता कळायला हवंय. सूप येईपर्यंत नाही."

"पंखा ऐकायला कोणी डिस्क विकत घेत नाही. आणि तुम्ही सुट्टीवर आहात."

"सुट्टीतच करते. माझी सुट्टी कापून घ्या."

"नको, नको. झालंय ते छान झालंय."

आत्यानं डोळे मिटले. मग थकलेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, या सिनेमात मागच्या दोन स्पीकरना काहीच काम नाही. गिऱ्हाईक तक्रार करेल. पंखा मी मागे टाकते. माणसाच्या डोक्यामागे फिरेल."

"मागे? ...गुरुवारपर्यंत. बरोबर ना?"

चार दिवस ती कामावर गेली. संध्याकाळी परत यायची तेव्हा दारात थांबायची नाही, सरळ आत येऊन बसायची. नळ गळत असला तरी बोलायची नाही. बाबा एकच प्रश्न तीनदा विचारायचे आणि आश्चर्य म्हणजे टोमणा मारायचे नाहीत. पंखा आणि खरखर तिनं हातानं वेगळी केली, केसातल्या उवा काढाव्यात तशी. पण श्वास खरखरीतून सुटा होईना. खरखर काढली की तोही जायचा.

"मग काय केलंस?" मी बुधवारी विचारलं.

"तिथली खरखर राहू दिली. पाऊण सेकंद." ती डावा कान चोळत होती. "गंमत म्हणजे तो श्वास आणि माझी शिट्टी एकाच पट्टीत आहेत. डिस्कवर वाजतोय की माझ्या डोक्यात, कळेना. शेवटी आवाज मोजणाऱ्या मीटरच्या काट्याकडे बघत बसले. काटा हलला, म्हणजे असणार."

गुरुवारी तिनं काम दिलं. रविवारी सुट्टी संपली, सोमवारी नवा सिनेमा आला. त्यात घोडे होते.

महिन्यानं डिस्क घरी आली. आत्यानं ऑफिसातून भंगारात काढलेले पाच स्पीकर आणले होते, त्यातले दोन सोफ्याच्या मागे ठेवले. आम्ही सगळे बसलो. नवरा आजारी पडला. आमच्या डोक्यांमागे घरघर सुरू झाली आणि दोन मिनिटांत आम्ही ती विसरूनही गेलो. मग पडद्यावरच्या बाईनं बटण दाबलं. फड... फड.

"अहो, पंखा कोणी बंद केला?" आई म्हणाली आणि वर बघायला लागली.

आमचा पंखा मजेत फिरत होता. पण आईच्या बोलण्यात श्वास बुडाला. आत्यानं रिमोट उचलला, उठून आधी आमचा पंखा बंद केला, मग सिनेमा अर्धा मिनिट मागे नेला. "कोणीही श्वास घेऊ नका," ती म्हणाली.

आम्ही घेतला नाही. बाई उठली. पाती थांबली. मागचे दोन्ही स्पीकर गप्प झाले. आत्या उजवा कान पुढे करून उभी होती, आणि पडद्यावरची बाईही तशीच. बाई मटकन बसली, तरी आत्या उभीच.

"आला?" तिनं बाबांना विचारलं.

"आला," बाबा म्हणाले. "जिवंत आहे."

"बरं," म्हणून आत्या सोफ्यावर आडवी झाली.