डोक्याला लावलेल्या तारा

माझं डोकं कोरडंच भादरलं. पाणी नाही, साबण नाही. कम्पाउंडर एका हाताने माझी मान दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने वस्तरा ओढायचा. रक्त कानामागून गळ्यात उतरलं. डॉक्टर समोर चहा पीत उभा होता. त्याने विचारलं, ‘जात?’

‘बौद्ध.’

‘ते झालं. त्याच्या आधीची सांग.’

मी पुन्हा बौद्धच म्हणालो. मग त्यानेच ती उच्चारली, बाजूच्या पोरांना ऐकू जाईल अशी. पोरं म्हणजे त्याचे विद्यार्थी. इस्त्रीचे कपडे, हातात वह्या.

नागपुरात सदरमधला खाजगी दवाखाना. सत्तर सालापुढची वर्षं. मी नुकताच जेलातून सुटलो होतो. त्याआधी वाडीच्या एका गोदामात हमाल होतो. माझी थोरली बहीण सुमन तिथेच फाटकी पोती शिवायची. मालकाच्या पुतण्याने एका दुपारी तिला केसांना धरून पोत्यांच्या थप्पीमागे ओढलं. माझ्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. तो मी त्याच्या खांद्यात घातला. हाडाला लागेपर्यंत. मला दोन वर्षांची सजा झाली. त्याला काहीच नाही. बरा झाला आणि पुन्हा गोदामात येऊन बसला.

सुटलो तरी सुटलो नव्हतो. सकाळ-संध्याकाळ ठाण्यात हजेरी. कुठे चोरी झाली की मला उचलायचे, तळपायावर मारायचे, सोडून द्यायचे. अशा माणसाला काम कोण देणार? एक दिवस ठाणेदार म्हणाला, सदरमध्ये मोठा डॉक्टर आहे. मेंदू तपासून सांगतो, सुटलेल्यांपैकी पुन्हा गुन्हा कोण करणार. तुझं डोकं साफ निघालं तर हजेरी बंद.

म्हणून गेलो. वेळेच्या आधीच जाऊन बाहेर उभा राहिलो.

खुर्चीत बसवून हात पट्ट्यांनी बांधले. हात हलले की मशीनची रेघ बिघडते म्हणे. भादरलेल्या डोक्यावर चिकट मलम, मलमावर तारा. वस्तऱ्याच्या जखमा झोंबत होत्या. शेजारच्या मशीनमधून कागद सरकत होता आणि सुया त्यावर रेघा ओढत होत्या. ठाण्यातून आलेली माझ्या केसची फाइल उघडून डॉक्टरने गाव विचारलं, झोप विचारली, दारूचं विचारलं. सुया संथ चालल्या होत्या. मला बरं वाटलं. निघतं आपलं डोकं साफ.

मग तो कम्पाउंडरला म्हणाला, ‘हं.’

कम्पाउंडरने थोबाडीत मारली. लगेच दुसरी. ओठ दातावर फाटला. सुया उडाल्या. सगळे कागदावर वाकले, माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. डॉक्टर कानाशी आला आणि त्याने शांतपणे विचारलं, ‘तुझ्या बहिणीला त्याने कुठे कुठे धरलं होतं रे? आवडलं का तिला?’

एक पोरगा हसला. मी पट्टे तोडायला गेलो. खुर्ची जागची सरकली. डॉक्टरने धावत्या रेघांवर पेन्सिल टेकवली. म्हणाला, ‘हे बघा. हा पुन्हा मारणार. यांच्या डोक्यातच असतं ते.’

जेलात रोज मी स्वतःला विचारायचो, आपल्यातच काही खराब आहे का? सारे म्हणतात तर असेलही. त्या खुर्चीत ते संपलं. मार मी खात होतो. रक्त माझ्या तोंडात होतं. आणि मारणारा म्हणून कागदावर मलाच चढवत होते.

तपासणी संपली. कम्पाउंडरने पट्टे सोडले. डॉक्टरचा गळा हाताच्या टप्प्यात होता. खोटं बोलत नाही, आवळावासा वाटला. मी तारा उपटल्या. मलम, रक्त, कातडी, सगळं घेऊन आल्या.

‘आता तुमी बसा, डॉक्टरसाहेब,’ मी म्हणालो. ‘मी तुमच्या बहिणीचं विचारतो. पाहू कागद काय म्हणते.’

कोणी हसलं नाही. डॉक्टर भिंतीला टेकला. तारा त्याच्या अंगावर फेकून मी बाहेर आलो.

त्याचा शेरा ठाण्यात पोचला. पुन्हा गुन्हा करणार. ठाणेदाराने मोठ्याने वाचून दाखवला आणि दुपारचीही हजेरी लावली. घरी सुमन कोमट पाण्याने माझं डोकं पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, ‘काहून जाऊन राहिला गा तू त्या ठाण्यात? कोणत्या कोर्टानं सांगतलं तुले?’

कोणत्याच नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन ठाणेदाराला विचारलं. दोघांनी धरलं, तिसऱ्याने काठी चालवली. डाव्या हाताचं बोट मोडलं. मी हात उचलला नाही. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा काठी. शेवटी उंबऱ्याबाहेर ढकललं तेव्हा म्हणालो, ‘कोर्टाचा कागद आणा, मंग हजेरी देतो. तोपर्यंत येत नाही.’

आणि गेलो नाही. ते घरी येतील. ओढत नेतील, मारतील. ओढतच न्यावं लागेल. आणि सुमनच्या अंगाला कोणी हात लावला तर मी पुन्हा मारीन. हे माझं मी सांगतो. शुद्धीवर राहून सांगतो.