पप्पांची साक्ष

आमचं घर नेरूळजवळ शिरवण्यात, भाड्याच्या खोलीत. पप्पांचं झेरॉक्सचं दुकान मात्र तिथून लांब, एका पोलीस ठाण्याला लागून. कुठल्या ते लिहीत नाही, कारण पप्पांना अजून तिथंच दुकान चालवायचंय. मराठवाड्यातून इकडे आल्यावर त्यांनी बरीच कामं करून पाहिली आणि शेवटी त्या मशीनपाशी टेकले. दुकानाचं काउंटर फुटपाथवर थोडं पुढे आलेलं आहे. त्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण दाखवू शकतील असे सगळे पप्पांना 'काका' म्हणतात.

हे 'काका' म्हणणं फुकटचं नव्हतं. ठाण्यात पंच लागला की हवालदार दुकानात डोकवायचा. पोलीस झडती घेतात, माल जप्त करतात, तेव्हा तिथं हजर राहून 'हे माझ्यासमोर घडलं' अशी सही करणारा माणूस म्हणजे पंच. तो त्रयस्थ असावा असं कायदा सांगतो. आमच्याकडे तो त्रयस्थ बहुतेक वेळा पप्पाच असायचे, नाहीतर शेजारचा पानवाला. कधी ते खरंच जागेवर जाऊन यायचे, कधी कागदच दुकानात यायचा. शेजारणीला विरजण द्यावं तितक्या सहज सही होऊन जायची.

मी नेरूळच्या एका कॉलेजात पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करते. पुराव्याचा कायदा आमच्या बॅचच्या नशिबी दोनदा आला, मधेच कायदा बदलला म्हणून आधी जुन्या कलमांनी आणि मग नव्यांनी. प्रॅक्टिकलच्या पेपरसाठी एखाद्या वकिलाकडे काम करायचं, खटले कोर्टात बसून बघायचे आणि त्यावर जर्नल लिहायचं असतं. मला बेलापूरला एका फौजदारी वकिलांकडे जागा मिळाली. जागा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची. तारखा बघणं, फायलींना टॅग लावणं आणि आलेल्या पक्षकारांना बसवून ठेवणं ही माझी वकिली. तरी घरी पप्पा मला वकीलसाहेबच म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

त्या ऑफिसात द्रोणागिरीकडच्या एका जुन्या गावातल्या बाई यायच्या. त्यांचा मुलगा तिथल्या गोदामात माल चढवायचं काम करायचा. गोदामातून मोबाईलचे खोके गेले आणि पोलिसांनी त्याला धरलं. त्यानं स्वतः एका पत्र्याच्या शेडमधून लपवलेले खोके पंचांसमोर काढून दिले, असं पोलिसांचं म्हणणं. मुलाचं म्हणणं, त्यानं ती शेड कधी पाहिलेलीच नाही. जामीन मिळाला नव्हता, पोरगा तुरुंगातच होता. बाई दारात चप्पल काढायच्या आणि ती हातात धरूनच बाकावर बसायच्या. सरांना विचारायची त्यांना भीती वाटायची, म्हणून मला विचारायच्या, "बाय, माजा पोर कवा सुटंल?"

"मावशी, आता साक्षी सुरू होतायत. बघू," असं मी म्हणायचे. त्यातलं 'बघू' मी सरांकडून उचललेलं होतं. सर आमच्यापुढे मात्र स्पष्ट बोलायचे. सगळी केस त्या शेडवर उभी आहे, आणि दोन पंचांपैकी एकाचा पत्ताच लागत नाही. उरलेला पंच काय बोलतो त्यावर या पोराचं आयुष्य आहे.

एका संध्याकाळी पप्पा दुकानातून आले आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "वकीलसाहेब, बघा बरं हे काय आलंय." कोर्टाचं समन्स होतं, साक्षीला हजर राहण्याचं. आरोपीचं नाव मी दोनदा वाचलं. मावशींचा मुलगा. त्या फायलीला टॅग मीच लावले होते, पण आतली पंचांची नावं कधी वाचली नव्हती.

"पप्पा, तुम्ही त्या शेडवर गेला होतात?"

"कोणती शेड?" ते हातपाय धूत होते. "असंल काहीतरी. सही केली होती, एवढं आठवतंय. गिऱ्हाइकांची गर्दी होती त्या दिवशी."

माझं डोकंच फिरलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज चढला होता आणि आई मधे पडली होती. पप्पा टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहिले. "माय, तू कायदा शिकतीस ते त्याच काउंटरवर," ते म्हणाले. रागावून नव्हे. त्यामुळे मला आणखीनच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की तो पंच माझे वडील आहेत. फक्त तेवढंच. शेडचं सांगितलं नाही, आणि सरांनी हात वर करून मला पुढे बोलूच दिलं नाही. "या फाईलला आजपासून हात लावायचा नाही. घरी या विषयावर बोलायचं नाही. काय सांगा आणि काय सांगू नका, यातलं काहीही त्यांना म्हणालीस तर ती साक्ष पढवल्यासारखी होते." मग म्हणाले, "कोर्टात बसायला तुला कुणी अडवणार नाही. पण त्यांच्याकडे बघू नकोस. नुसती मान हलली तरी पुरे असतं."

मी जे जाणून होते ते त्या मुलाला सोडवायला पुरेसं होतं, आणि ते बोलायला मला सगळीकडून बंदी होती. पप्पा विचारायचे, "काय बोलायचं असतं तिथं?" मी म्हणायचे, "मला विचारू नका." त्यांना वाटायचं मी अजून रुसलेय. "एवढं शिकवलं तुला, आन् एवढंही सांगत नाहीस," असं एकदा म्हणाले. मावशी ऑफिसात आल्या की मी झेरॉक्सच्या निमित्तानं बाहेर पडायचे. त्याच दिवसांत कॉलेजात तोंडी परीक्षा झाली आणि परीक्षक बाईंनी मला नेमका फितूर, म्हणजे कोर्टात उलटलेल्या साक्षीदाराचा प्रश्न विचारला. उत्तर चोख दिलं. 'व्हेरी गुड' म्हणाल्या. मला रडायला येत होतं.

एका दुपारी मी दुकानात डबा द्यायला गेले, तर हवालदार काउंटरला टेकून उभा होता. माणूस वाईट नव्हता, आईच्या ऑपरेशनच्या वेळी याच्याच ओळखीनं दवाखान्यात खाट मिळाली होती. "काका, टेन्शन नाय घ्यायचं. तारखेला मी येतो ना बरोबर. आत जायच्या आधी सगळं वाचून दाखवतो, तसंच बोलायचं. दहा मिनिटांचं काम." मग काउंटरची पुढे आलेली कड हातानं थोपटत म्हणाला, "आपलं काय, घरचंच आहे." पप्पा हसले. तो गेल्यावर त्यांनी मशीनचं झाकण उगाचच दोन-तीनदा उघडलं आणि मिटलं.

साक्षीच्या दिवशी पप्पांनी लग्नाकार्याला घालायचा शर्ट घातला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदार त्यांना खालच्या आवाजात वाचून दाखवत होता आणि पप्पा पाठांतराला बसवलेल्या मुलासारखी मान डोलवत होते. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मावशी माझ्या शेजारी येऊन टेकल्या. आज चप्पल पायातच होती. आरोपी भिंतीशी पोलिसाबरोबर उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. माझ्याच वयाचा असेल.

पप्पांनी देवाची शपथ न घेता प्रतिज्ञा केली. सरकारी वकिलांनी विचारलं तसं सांगत गेले. आरोपी पुढे चालला, त्यानं शेड दाखवली, खोके काढून दिले, आमच्यासमोर मोजले, मी सही केली. एकही शब्द त्यांचा नव्हता. एरवी ते असं बोलतच नाहीत. मावशींनी तोंडाला पदर लावला.

मग सर उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, शेडचं दार कुठल्या बाजूला होतं. पप्पा म्हणाले, "समोर." कडी होती की कुलूप? "कडी." मग, "कुलूप असेल." शेडकडे जायला रस्ता होता की चिखल? पप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली. माझ्या बापाला असं कोंडीत पकडलेलं बघून मला सरांचा भयंकर राग येत होता, आणि सर काहीच चुकीचं करत नव्हते. हे सगळं मला वर्गात शिकवलेलं होतं. तेव्हा मजा वाटली होती.

"सही कुठे केलीत?" सरांनी विचारलं.

पप्पांनी मान वर केली आणि सगळ्या कोर्टात शोधत माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि मी मान खाली घातली. माझ्या नखांकडे बघत बसले. आयुष्यात त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेव्हा, आणि मी खाली बघत होते.

"दुकानात," पप्पांचा आवाज आला. आता तो त्यांचा होता. "माझ्या दुकानात केली सही. मी कुठं गेलो नव्हतो, साहेब. शेड मी पाह्यलीच नाही."

सरकारी वकील ताडकन उठले आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून पप्पांची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागू लागले. न्यायाधीश काहीतरी टिपून घेत होते. परवानगी मिळाल्यावर सरकारी वकिलांनी पप्पांना पुन्हा बरंच काही विचारलं, दरडावलं, आणि पप्पा दर वेळी तेच सांगत राहिले. मला एकदम इतका अभिमान वाटला की बाक धरून बसावं लागलं. पप्पांच्या दुकानाचं काय होणार हे मला दिसत होतं, तरी वाटला.

बाहेर व्हरांड्यात हवालदार आमच्या समोरून गेला. काका म्हणाला नाही. "चला," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला. पप्पा घाम पुसत भिंतीला टेकले. तेवढ्यात मावशी आल्या. मला वाटलं, त्या पप्पांच्या पाया पडतील. पप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते अवघडून मागे सरकले.

मावशी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मंग तवा कशाला केलीस रे सही, भाऊ?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

 पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मघाशी पाहिलं होतं तसंच. आता त्यांच्याकडे बघायला मला कुणाची मनाई नव्हती, आणि मी बघितलं. मावशी अजून उत्तराची वाट बघत होत्या.