शून्याचं टोक

"टोक माज्या हातात द्या."

आमची मोजणीची जीप गावात शिरली की ती बांधावरून उतरून येई आणि नमस्काराच्या आधी हे सांगे. हात पुढे, तळवा वर. मापाच्या टेपाला दोन टोकं असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. एका टोकाला डबी असते, तिथे साहेब उभा राहून आकडा वाचतो. दुसऱ्या टोकाला नुसतं शून्य असतं आणि ते कुणीतरी धरून उभं राहायचं असतं. सगळ्यांचं लक्ष आकड्याकडे असतं. ही बाई आयुष्यभर शून्याकडे बघत आली होती.

मी मोजणी खात्यातला माणूस, राहायला डोंबिवलीला. या खात्यात तीस वर्षं काढली की माणूस जावयालाही सातबारा विचारतो. कल्याणहून पुढे मुरबाडपर्यंत लोकल न्यायची म्हणून वाटेतल्या गावांतली जमीन मोजायची होती. जमीन जायची ठरली की तिच्यावर काय काय उगवतं, हे मला पुरेपूर ठाऊक होतं. एका शेतात आंब्याची कलमं रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीसकट पुरलेली, आणि मालक शपथेवर सांगतोय की आजोबांनी लावली. त्यामुळे ही सत्तरी ओलांडलेली आजी टोक मागायला आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही एक पाऊल सरकून उभी राहणार.

माझ्याबद्दल तिच्याही मनात नेमकं तेच होतं.

पहिल्याच दिवशी तिने माझं ओळखपत्र मागितलं. फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ह्यो तू नाय."

"जुना फोटो आहे, आजी. तेव्हा केस होते."

"मंग नवा कारून ये."

आमचा शिपाई हसला. तिने त्याचंही ओळखपत्र मागितलं.

लाल रंग लावलेल्या आमच्या खुंट्या ती रोज सकाळी मोजायची. आमच्या चहाच्या थर्मासमध्ये डोकावून बघायची. खुद्द रेल्वेवरही तिचा भरवसा नव्हता. "गारी आमच्या गावात थांबनार, का नुसतीच जानार?" तिने विचारलं. स्टेशन कुठे होईल ते अजून ठरायचं आहे, असं मी म्हटलं.

"म्हंजे जानार," ती म्हणाली.

हा संशय तिला सासऱ्याकडून मिळाला होता. फार पूर्वी गावातून पाण्याचा मोठा पाइप गेला, तेव्हा सासरे आकडा वाचणाऱ्याच्या शेजारी उभे राहिले. आकडा बरोबर निघाला. पण पलीकडे शून्य धरणारा एक पाऊल आत उभा होता आणि भात झोडायचं खळं पाइपाखाली गेलं. "सासरा सायबाच्या तोंडाकरं बगत रायला," ती म्हणायची, "मी तवा नवी नवरी. मना दिसत होता त्याचा पाय. पन बोलनार कशी?"

आता तिच्याकडे राहिली होती ती एक विहीर. तिने आणि नवऱ्याने दोघांनी मिळून खणलेली. वैशाखात गावातल्या बाकीच्या विहिरी तळाला जात, हिचं पाणी हलत नसे. त्या पाण्यावर भेंडी आणि काकडी, आणि त्या भेंडी-काकडीवर ती. नवरा गेला तरी ती कुणाच्या दारात गेली नव्हती, ती या विहिरीच्या जोरावर. रेल्वेचा पट्टा विहिरीच्या अगदी जवळून जाणार होता. आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता. अर्धी विहीर कुणी सोडत नाही. काठ आत गेला की विहीर गेली.

पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला तिच्या जावेचं घर. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बांधावरच्या शेवग्यावरून बिनसलं होतं. पुढे शेवगाही वठून गेला, पण अबोला हिरवागार होता.

विहिरीपाशी मोजायचं त्या दिवशी आम्ही नवं यंत्र नेलं. उंच काठी, वर पांढरा टोप. ती नेहमीप्रमाणे हात पुढे करून उभी.

"याचं टोक कुटं हाय?"

"आजी, याला टोक नसतं. हे वरून मोजतं." मी आभाळाकडे बोट केलं.

तिने वर बघितलं. "वर कोन बसलाय?"

"उपग्रह."

"आनि त्याचं टोक कोन धरतंय?"

मी काम सुरू केलं. यंत्राने विहिरीजवळच्या करवंदाच्या जाळीत खुंटीची जागा दाखवली. शिपायाने काटे बघितले, माझ्याकडे बघितलं. जेवायची वेळ झाली होती. मी मान हलवली आणि त्याने खुंटी जाळीच्या अलीकडे, जावेच्या घराच्या बाजूला तीनेक हातांवर ठोकली. रेघ विहिरीच्या बाहेरून गेली. विहीर वाचली.

जावेच्या बाजूला आंब्यांची दाट सावली. तिथे यंत्राला आभाळच दिसेना. मग टेप काढला आणि या खुंटीपासून पट्ट्याची रुंदी मोजत पलीकडे गेलो. शून्याचं टोक अर्थातच आजीच्या हातात. दुसरं टोक पडलं ते जावेच्या घराच्या ओटीवर. जाऊ ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

मी परत आलो तर आजी खुंटीशी तशीच उभी.

"यंतरानं जाली दावलेली. खुटी हितं कशी?"

मी आवाज खाली आणला. "आजी, राहू द्या की. तुमची विहीर वाचतेय."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या ओळखपत्राकडे बघितलं होतं.

"तू कोनाचा मानूस रं?"

"सरकारचा."

"मंग माज्या इरीचा पुलका तुना कशाला?"

तिने स्वतःच कोयता आणला आणि जाळी तोडायला घेतली. शिपाई खाली मान घालून तिच्या मदतीला गेला. खुंटी जागेवर गेली, टेप पुन्हा लागला. जावेची ओटी बाहेर राहिली. विहिरीचा काठ आत गेला.

"आजी, का केलंत हो असं?" मी न राहवून विचारलं.

"तिच्यावर माजा भरवसा नाय," जावेच्या घराकडे हनुवटी करून ती म्हणाली. "उंद्या गावभर सांगल, टोक हिच्या हातात होतं."

एवढं बोलून ती विहिरीवर गेली. इतक्या दिवसांत आम्हाला तिने त्या विहिरीचं पाणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कळशी भरून आणली. "पिऊन घ्या. तुमच्याच मापात गेली ती." पाणी गोड होतं.

पावसाळा संपल्यावर आम्ही हद्दीचे खांब पुरायला परत गेलो. विहिरीशेजारी भरावाच्या मातीचा ढीग येऊन पडला होता. भेंडीच्या जागी गवत. आजी श्रावणात गेली, असं गावात कळलं. खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. ती कुठूनतरी लपून आमच्यावर नजर ठेवून असणार, असं वाटत राहिलं.

पहिला खांब विहिरीपाशीच होता. मी सवयीने टेपाचं शून्याचं टोक पुढे केलं आणि तसाच उभा राहिलो. घ्यायला कुणी नव्हतं. शिपाई फावडं ठेवून येऊ लागला.

तेवढ्यात जाऊ ओटीवरून उतरली. पट्टा ओलांडून आली आणि तळवा वर करून हात पुढे केला.

"मना द्या."

"तुमचं आणि त्यांचं तर बोलणं नव्हतं..."

"नव्हतंच. जायच्या आदल्या दिशी हाक मारली तिनं. मी गेली." तिने माझ्या हातातून टोक घेतलं. "बोलली, सायेब परत येल. टोक त्याच्या मानसाला देव नको, तू धर."

करवंदाची जाळी होती तिथे ती खाली बसली आणि दोन्ही अंगठ्यांनी शून्य जमिनीवर दाबून धरलं. मी टेप सोडत तिच्या ओटीकडे चालू लागलो.

"सायेब," ती मागून ओरडली, "मी बगतंय हां."