येणाऱ्याचं ताट

भर दुपारी कौसल्याबाईंचा डोळा लागायला येतो, पण लागत नाही. म्हातारपणी झोपही नातेवाइकांसारखी वागते. दारापर्यंत येते आणि घाईत आहे म्हणून परत जाते. घरात त्या एकट्याच. नवरा गेला, मुलगी सुरतेला. सकाळी बालकाश्रमात सिस्टर सेव्हरीना यांच्या स्मृतिदिनाला जाऊन आल्या, तीच साडी अजून अंगावर आहे. जेवायलाही थांबल्या नाहीत. एका पाहुण्यानं भाषणात म्हटलं, सिस्टरांनी अनाथांना घर दिलं. टाळ्या पडल्या. अनाथ हा शब्द बाईंना उभ्या जन्मात पचलेला नाही.

त्याला कारण आहे. सिस्टर आश्रमात रोजच्या पंगतीला एक ताट जास्तीचं वाढत. येणाऱ्याचं ताट. कोण येणार ते कोणालाच ठाऊक नसे. कोणी आलं नाही, तर सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सिस्टर स्वतः तेच गार ताट घेऊन बसत. आजही गावात सिस्टरांच्या पोरांच्या घरचं लग्न असलं की केटरर न सांगता एक पान जास्तीचं धरतो. चिमुरडी कवशी, म्हणजे आजच्या कौसल्याबाई, आश्रमाच्या फाटकाशी सापडली ती नेमकी जेवणाच्या वेळेला, आणि आत तिच्यासाठी ताट वाढलेलं होतं. पोरीनं आपल्या मनानं ठरवून टाकलं की आईनं आधी सांगून ठेवलंय. सांगून ठेवणारी आई लेकराला टाकत नाही, ठेवते. आणि ठेवलेलं माणूस न्यायला येतंच. पुढे ते ताट रोज वाढतात हे तिनं पाहिलं, मोठी झाल्यावर स्वतःच्या हातानं वाढलंही. तरी समजूत हलली नाही. बाकीच्यांचं ताट रीत म्हणून, माझं मात्र सांगावा आला म्हणून. सिस्टर होत्या तोवर विचारायची छाती झाली नाही. आता विचारावं तर सिस्टर नाहीत.

"कवशे, दिवसाढवळ्या काय लोळतीस? ऊठ, वाढायला घे."

कॉटच्या पायथ्याशी सिस्टर उभ्या आहेत. पांढरा झगा कमरेला खोचलेला, काखेत भाकरीची टोपली. सिस्टर मूळच्या मंगळूरकडच्या. प्रार्थनेपुरतं मराठी पुस्तकातून शिकल्या आणि बाकीचं सगळं शेवंता स्वयंपाकिणीकडून, त्यामुळे प्रभूची कृपा आणि 'मुडद्या' एकाच श्वासात निघायचं.

कौसल्याबाई उठतात. गुडघे दुखत नाहीत, याचं त्यांना नवलही वाटत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून त्या बाहेर पडतात तो एसटी स्टँडचा फलाट. फलाटावर पोरं पंगतीला बसलीत, केस ओले, मांड्या घातलेल्या. पंगत भाजीबाजारातून वळते आणि चर्चच्या बाकांमधून पुढं जाते. नर्स झालेली सुलभा इथं आठ वर्षांची आहे. बेकरीवाल्या अंतोनचे पुढचे दात पडलेत.

"अंतोन, ओळखलं का रे?" बाई विचारतात.

तो भाकरीकडे बघतो, त्यांच्याकडे बघत नाही. कोणीच बघत नाही. एवढ्या पोरांत आपण कोणाच्याच नाही, असं बाईंना वाटतं.

पंगतीच्या टोकाला एक ताट आहे. अर्धी भाकरी, कांदा, कारळ्याची चटणी. ताटापुढे कोणी नाही. सिस्टर वेदीच्या पायरीवर टेकतात.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचार की. मला आता कुठं घंटा वाजवायला जायाचंय?"

"मी आले त्या दिवशी... माझ्या आईनं सांगावा धाडला व्हता ना?"

सिस्टर कांदा बुक्कीनं फोडतात. चर्चला छप्पर नाही. बाकांखालून कालव्याचं पाणी वाहतंय, आणि कोणाचेच पाय भिजत नाहीत.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतंय ते नका विचारू. तुमी सांगा."

"न्हाई गं," सिस्टर म्हणतात. "कोणीच सांगितलं नव्हतं."

कौसल्याबाई रडायला लागतात. लपवत नाहीत, पदरही तोंडाला लावत नाहीत.

"म्हंजी टाकलंच मला."

"ते मला ठाऊक न्हाई. तुझी आई मी पाहिलीच न्हाई. खोटं सांगून तुझी समजूत घालू का?"

"मग ताट कोणाचं व्हतं?"

"कोणाचंच नव्हतं. तू बसलीस, तुझं झालं. सांगून येणाऱ्याला अख्खं गाव वाढतं, कवशे." सिस्टर झग्याला हात पुसतात. "त्या दिशी मला लई भूक लागलेली. म्हटलं, आज पण कोणी आलं न्हाई, चला, आपणच बसावं. ताटाला हात लावला, तेवढ्यात फाटकाशी तू."

"मग तुमी काय खाल्लं?"

"पाणी प्याले. शेवंता लई बोलली मला. उपाशी झोपले आणि हसत झोपले बघ. तशी झोप मला पुन्हा कधी लागली न्हाई."

बाई टोकाच्या ताटाकडे बघतात.

"आता बस," सिस्टर म्हणतात. "सकाळपासून पोटात काय न्हाई तुझ्या. मुडदे, बस म्हणते ना!"

त्या बसतात. घास मोडतात, चटणीला लावतात, तोंडात घालतात. मान वर करतात तो अंतोन नाही, सुलभा नाही, पायरीवर सिस्टर नाहीत. फलाट झाडलेला, स्वच्छ. एवढ्या मोठ्या गावात एक ताट आणि त्या.

भिंतीवरचं ऊन पिवळं झालंय. शेजारी कुकरची शिट्टी होते. कौसल्याबाई कॉटवर उठून बसतात आणि गुडघे आपलं दुखणं पुन्हा सुरू करतात. घर जसं होतं तसंच आहे, गप्प.

जीभ मात्र पोळतेय. त्या उजवा हात डोळ्यांशी नेतात. बोटांची टोकं काळी आहेत, तेलकट. वास घेतात तर लसूण आणि भाजलेलं कारळं. नवरा गेल्यापासून या घरात चटणी कुटलेली नाही. एकटीसाठी कोण कुटत बसतं?

"मला कोणी सांगून धाडलं नव्हतं," त्या मोठ्यानं म्हणतात. एवढी वर्षं ज्या वाक्याची धास्ती होती ते हेच. ऐकायला कोणी नाही. जिवाला लागायचं ते लागतंच, आणि त्या पुन्हा थोडं रडून घेतात.

मग त्यांना सपाटून भूक लागते. स्वयंपाकघरात जाऊन त्या डाव्या हातानं पिठाचा डबा उघडू लागतात. झाकण घट्ट बसलंय, डाव्या हाताला जुमानत नाही. उजवा हात त्यांना इतक्यात धुवायचा नाही.